इंदूकाकूंचा संशय आणि माझं पहिलं मशीन

इंदूकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला, "आपण कोण बोलताय?" तो त्यांचा मुलगा होता, आवाज ओळखीचा होता, तरी विचारला. मग "नक्की?" असंही विचारलं. पलीकडे रडता रडताच तो हसला. "मंगलताई, आईनेही हेच विचारलं असतं," म्हणाला. याला आता महिना होऊन गेला. पण अजूनही मला वाटतं, स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा काकूंनी दुसरीकडून खात्री करून घेतल्याशिवाय मानली नसती.

मी तालुक्याच्या गावात शिकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील, म्हणजे आमचे दादा, बाजारात धान्य तोलायचं काम करत. बी.ए. झाले, पण नोकरी मिळेना. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. शिवणाची परीक्षा पास झालात तर विचार करू, असं तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. दादांनी मला तेवढी मुदत दिली. "पास झालीस, नोकरी लागली, तर ऱ्हा. न्हाईतर घरी यायचं. स्थळ बघून ठिवलंय." अशी मी सदाशिव पेठेत, काकूंच्या घरातल्या मागच्या खोलीत येऊन पडले.

पहिल्याच दिवशी काकूंनी दादांना विचारलं, "तोलार आहात? मग काट्यात मारत असाल थोडंफार." मला धरणी दुभंगावी असं झालं. दादा शांतपणे म्हणाले, "मारलं असतं तर बाई, लेकीला भाड्याच्या खोलीत ठिवली असती व्हय?" काकू नुसत्या "हं" म्हणाल्या. निघताना दादा आवाज खाली करून त्यांना म्हणाले, "पोरीवर जरा लक्ष असू द्या." ते मी ऐकलं आणि त्या क्षणापासून काकू माझ्या मनात दादांच्या हेर झाल्या. त्या मला चहा देत, तेव्हाही मी विचार करायची, हा कशासाठी?

तशा त्या कुणालाच सोडत नसत. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघत. रेडिओवर 'आकाश निरभ्र राहील' असं सांगितलं की उठून खिडकीतून आकाश बघत. यजमान लवकर गेले होते, मुलाला एकटीने वाढवलं होतं. "एकटी बाई दिसली की जो तो मदत करायला धावतो," त्या म्हणत, "तेव्हापासून मदत आली की आधी मी तिच्या मागे काय आहे ते बघते." मला हे कळत होतं. पण हीच बाई एक दिवस आपणहून म्हणाली, "मशीन घ्यायला मी येते तुझ्याबरोबर," तेव्हा त्यांच्या मदतीच्या मागे काय असेल, हा प्रश्न मलाही पडलाच.

मशीन घेणं भागच होतं. शिवणवर्गात मुली खूप आणि मशीनं थोडी, तीही नवशिक्यांसाठी हाताने फिरवायची. घरी सराव केल्याशिवाय पास होणं अवघड आहे, असं वर्गाच्या बाईंनी बजावलं होतं. दादांनी एकदाच पैसे पाठवले होते. मशीन चुकीचं निघालं असतं तर दुसरं घेता आलं नसतं, परीक्षा गेली असती आणि मी गावच्या एसटीत बसले असते.

काकूंना शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. फाटलेली उशीसुद्धा त्या शेजारणीकडून शिवून घेत. पण रविवार पेठेतल्या पहिल्या दुकानात शिरल्या त्या झडतीला आल्यासारख्या. दुकानातल्या माणसाने एक कोरं, कांजी केलेलं कापड सुईखाली सरकवलं आणि मोत्यांच्या ओळीसारखी टीप घालून दाखवली. मी हरखले. काकूंनी पिशवीतून जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा काढला. "आता याच्यावर घाला." टीप चालली आणि लुगडं चुण्या पडून गोळा झालं. "अहो बाई, जुन्या कापडावर होणारच असं," तो म्हणाला. "आम्ही जुनंच घालतो," काकू म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

दुसऱ्या दुकानातल्या मशीनवर सोनेरी वेलबुट्टी होती. काकूंनी ते उलटं करायला लावलं आणि पोटात बघितलं. काय बघायचं ते माहीत नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं. तिसऱ्या दुकानात माझा जीव एका फिक्या हिरव्या मशीनवर जडला. बटण फिरवलं की त्यावर पानं, फुलं, साखळी, हवी ती नक्षी उमटत होती. दुकानदार माझ्याकडे बघून बोलत होता, त्याला गिऱ्हाईक बरोबर सापडलं होतं. काकूंनी विचारलं, "मंगल, सरळ टीप येते तुला?" मी बटणावरचा हात काढला. "सरळ चालता येत नाही आणि नाचाचे चाळ हवेत? चल."

चौथं दुकान शेखभाईंचं. म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. काकूंनी लुगड्याचा तुकडा पुढे केला तसे ते हसले. "बाई, मशीन घ्यायला आलात की झडती घ्यायला?"

"दोन्ही."

"मग मी शिवून दाखवत नाही. मी शिवलं तर कुठलंही मशीन चांगलंच वाटेल. मुलीला बसू द्या." आणि त्यांनी एक साधं, काळं, फक्त सरळ टिपेचं मशीन पुढे ठेवलं. "पहिल्यांदा हेच घ्यावं. बिघडायला याच्यात फार काही नाही."

काकू माझ्या कानाशी आल्या. "हा फारच खरं बोलतोय. सांभाळून."

मशीनचं डोकं टेबलावर होतं, पायाने चालवायचा स्टँड मागे गोदामात. मी वर्गातल्यासारखं हाताने चाक फिरवून लुगड्यावर टीप घातली. सरळ आली, चुणी पडली नाही. मग शेखभाई म्हणाले, उद्या घरी पोचवतो. काकूंनी साफ नकार दिला. उद्या येईल ते हेच कशावरून? हातगाडी तिथल्या तिथे ठरली आणि रविवार पेठेतून सदाशिव पेठेपर्यंत काकू त्या गाडीशेजारून, मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून चालत आल्या. चौकात स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते, ओळखीचे वळून बघत होते. हातगाडीवाला म्हणाला, "मावशी, पळून न्हाई जात ते." "मशीनबद्दल नाही म्हणत मी," काकू म्हणाल्या.

घरी मशीन मांडलं, पायाने स्टँडचा पायटा दाबला, आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. "बदललं!" काकू ओरडल्या आणि दुसऱ्याच क्षणी आपल्या तळहाताकडे बघू लागल्या. वाटभर तोच तर मशीनवर होता. संशय घ्यायला कुणीच उरलं नव्हतं... मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तू वर्गाला जातेस ना खरंच?"

मी रडले. त्यांनी समजूत काढली नाही. समोर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "चालव." मी चालवत राहिले, त्या चोर पकडायला बसल्यासारख्या बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे चाक कधी पुढे जातंय, कधी मागे. मशीन ठीक आहे. तुझा पाय फितूर आहे." खरंच होतं. मी आजवर पायाने मशीन चालवलंच नव्हतं. पाय उलटा पडला की चाक मागे फिरायचं आणि दोरा तुटायचा. चार दुकानं तपासणाऱ्या आम्हा दोघींनाही मशीन स्टँडवर लावून पायाने चालवून बघायचं सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दोरा न ओवता कागदावर सराव करू लागले आणि दर वेळी चाकाला पहिला फेरा द्यायला काकू शेजारी उभ्या. "मी देते की काकू," म्हटलं तर म्हणत, "तुझ्या पायावर माझा विश्वास नाही."

त्याच दिवसांत वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, तुझी चौकशी करत कुणी एक बाई आल्या होत्या. मी समजले. दादांच्या हेर कामाला लागल्या होत्या. मी घरी काही बोलले नाही, पण काकूंशी तुटक वागू लागले.

परीक्षा तोंडावर असताना दादा न कळवता दारात उभे राहिले. स्थळ थांबायला तयार नव्हतं. मी आतल्या दाराशी, हातात कात्री तशीच. दादा काकूंना म्हणाले, "तुमाला लक्ष ठिवायला सांगितलं हुतं. तुमीच सांगा, हितं राहून हिचं काय हुईल का?"

काकू म्हणाल्या, "ठेवलं लक्ष. आपल्या मुलीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वर्गाला जाते म्हणायची, म्हणून मागोमाग जाऊन बघितलं. एकदा नाही, पुष्कळदा. जाते. टीप वाकडी आली तर कुणी न सांगता उसवते आणि पुन्हा घालते." जरा थांबून म्हणाल्या, "बरं, हे स्थळ. मुलगा आपण बघितलात?"

"बघितला की. एका लग्नात. लांबनं."

"चांगला आहे हे कोण म्हणालं?"

"त्याचा मामा."

"मामा दुसरं काय सांगणार? अहो, दुकानदार कांजीच्या कापडावरच टीप घालून दाखवतो. एक साधं मशीन घ्यायला आम्ही चार दुकानं पालथी घातली. आपण मुलगी द्यायला निघालात, तर एकदा जवळून बघावंसंही वाटलं नाही?"

दादा म्हणाले, "तोलायचंच ऱ्हायलं म्हणायचं." चहा प्यायले आणि एकटेच एसटी स्टँडकडे गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "परीक्षा दे."

मी पास झाले. जूनमध्ये शाळेत रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवलं. काकूंनी माझं कौतुक कधीच केलं नाही. निकाल सांगितला तर म्हणाल्या, "परीक्षेचा क्रमांक नीट बघितलास ना, तुझाच आहे?" आणि स्वतः शिवणवर्गात जाऊन फलकावर बघून आल्या. पुढे त्या मुलाकडे कोथरूडला गेल्या. शेवटच्या भेटीत त्यांना फारसं आठवत नव्हतं. माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सगळं बरं आहे म्हणतेस... खरंच?" असं विचारणारं आता कुणी उरलं नाही.

अजूनही जुन्या विद्यार्थिनी, त्यांच्या मुली, कधी सोसायटीतल्या अनोळखी सुना फोन करतात. "बाई, पहिलंच मशीन घेतेय, कुठलं घेऊ? नुसतं नाव सांगा." मी नाव सांगत नाही. दुकान कुठलं ते विचारते, चप्पल पायात घालते आणि बरोबर जाते.