आमचा कुत्रा आणि हवालदाराची दोरी

आमचं घर लाखनीत हायवेला लागून होतं. पुढे किराण्याचं दुकान, मागे परसात गाईचा गोठा, आणि दुकानाच्या पायरीवर आमचा तांबडा कुत्रा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा रस्ता अरुंद होता आणि धानाचे ट्रक इतक्या जवळून जात की तराजूची पारडी हलायची. कुत्र्याला दुसरा काही दुर्गुण नव्हता. फक्त हॉर्न ऐकला की तो उठायचा आणि ट्रकच्या मागच्या चाकावर धावून जायचा. त्याच्या आधीचा कुत्रा असाच गेला होता. त्याला रस्त्यावरून पोत्यात घालून मीच उचललं होतं. ते काम मला पुन्हा करायचं नव्हतं.

वडिलांनी पहिला उपाय केला तो गुरांचा. उधळ्या गाईच्या गळ्यात आमच्याकडे लाकडाचं लोढणं बांधतात; पळू लागली की ते पुढच्या पायांवर आपटतं. वडिलांनी बाभळीचा तुकडा तासून कुत्र्याच्या गळ्यात अडकवला.

"मामाजी, गाय आन् कुत्रा एक हाये का?" बायकोनं सासऱ्यांना विचारलं.

"पाय तं दोघालेही चारच हायेत ना बाई," वडील म्हणाले.

पुढच्याच ट्रकमागे कुत्रा धावला, लोढणं पायांत आलं आणि तो कोलमडून भर रस्त्यात पडला. मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. "सेठ, कुत्ता पाला है या बैल?" असं ओरडून, वर शिव्या घालून तो निघून गेला. वडिलांनी लोढणं सोडलं. लाकूड चुलीत गेलं.

मग मी हवालदाराकडे गेलो. पलटणीत कुत्री शिकवून पेन्शनीत आलेले हे गृहस्थ साकोलीच्या बाजूला, हायवेलगतच्या शेतात राहायचे. त्यांची स्वतःची कुत्री पाहण्यासारखी होती. बोट दाखवलं की बसत, चुटकी वाजली की उठत. खोट काढायला जागा नव्हती. पद्धतही त्यांनी लपवली नाही. गळ्यात साखळीचा फास, त्याला लांब दोरी, आणि कुत्रा ट्रककडे झेपावला की जोराचा हिसका.

"लाड नाही करायचे," ते म्हणाले. "चूक झाली तं लागलं पायजे, बस."

मी कुत्र्याला रविवारी रविवारी त्यांच्याकडे नेऊ लागलो. काही दिवसांत त्यानं ट्रकमागे धावणं सोडलं. वडील खूश झाले, आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. मला हिशेबाची सवय. जमेची बाजू पाहिली की दुसरी बाजू पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. कुत्रा आता पायरीवर बसत नव्हता. हॉर्न वाजला की जागीच मुतायचा. हवालदाराच्या शेताकडे वळायचं तिथे तो खाली बसायचा, आणि मला त्याला ओढत न्यावं लागायचं.

एके दुपारी दोन्ही बाजूंनी एकदम हॉर्न वाजले. कुत्रा घाबरून उठला आणि डोळे मिटल्यासारखा रस्ता ओलांडून पळत सुटला. ट्रक अगदी त्याच्या शेपटीजवळून गेला. पूर्वी तो ट्रकच्या मागून धावायचा. आता ट्रकच्या पुढून पळाला होता.

मी दुकानात येऊन बसलो. बायकोनं पाणी दिलं आणि म्हणाली, "शिकवणीच्या आधी तो भात खात असला ना, तं हॉर्न ऐकूनही उठत नव्हता. तुम्ही पाहिलं का कधी?"

मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दूर हॉर्न वाजला की ती परसातून हाक मारू लागली आणि आला की भाताचा लहानसा गोळा देऊ लागली. पहिले काही दिवस तो आलाच नाही. मग दारापर्यंत आला, मग परसात. पुढे पुढे तर हाकेचीही वाट पाहीना. हॉर्न वाजला की वडिलांच्या पायांमधून घुसून सरळ मागे.

"आता ट्रक मोजून भात शिजवा," वडील म्हणाले. "तुमसरच्या मिलमधून एक पोतं याच्या नावानं मांगवा!"

हवालदारांना न सांगता शिकवणी बंद करणं मला बरं वाटेना. कुत्र्याला घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं.

"अन् पोट भरलं असन त्याचं, तवा?" त्यांनी विचारलं.

"तवा बांधून ठेवीन."

"म्हंजे शिकला नाही तो."

"नाही शिकला. पण हॉर्न वाजला की घरात येते."

त्यांची कुत्री ओळीनं बसली होती. आमचा माझ्या पायांमागे लपला होता. हवालदारांनी वाकून स्वतःच त्याच्या गळ्यातला फास काढला. "साखळी माझी हाये," म्हणाले. "कुत्रा ने तुझा."

त्यांचा प्रश्न खरा होता. आमचा कुत्रा पूर्ण भरवशाचा कधीच झाला नाही. धानाच्या हंगामात ट्रकांची रांग लागली की आम्ही त्याला गोठ्यात बांधायचो आणि तो दिवसभर कुरकुरायचा. अजून एखाद्या दुपारी मला ती कुरकुर आठवते. तो म्हातारा होऊन परसात, गाईशेजारी, झोपेतच गेला.