मिठाचे दिवे आणि मुंग्यांची साक्ष

चहा गाळा तुम्ही, तोवर सांगतो. फक्त हसू आलं तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना शेजारच्या काकांनी आमच्या नव्या सतरंजीवर सांडवला होता.

फजित्या माझ्या पुष्कळ आहेत हो. पण ही व्याह्यांच्या देखत झालेली. म्हणजे आता जन्मभर ऐकून घ्यायची सोय झाली म्हणायची!

तुम्हाला माहितीच आहे, माझं आयुष्य साखर कारखान्यात गेलं. तेही प्रयोगशाळेत. उसातून साखर किती पडणार, म्हणजे उतारा किती, हे तपासायचं माझं काम. बाकीच्यांना त्यासाठी काचेच्या नळ्या लागायच्या, मी रसाचा थेंब जिभेवर ठेवून सांगायचो! बरं बरं, थोडं वाढवून सांगतोय. पण फार नाही. आणि एवढी सेवा करून मिळालं काय? मधुमेह! रिटायर होऊन केडगावला मुलाकडे राहायला आलो, ते गोळ्यांची पिशवी घेऊनच.

पण घरी ओवी होती. माझी नात, चार वर्षांची. आणि मी पडलो हौशी आजोबा. मोबाईलवर बघून बघून तिला काय काय शिकवलं! कागदाची होडी, पानांचे प्राणी, भेंडी कापून फुलांचे ठसे. आता ते ठसे तिने आजीच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर मारले, त्याला मी काय करणार? कागद संपले होते!

अडचण अशी झाली की सूनबाईची, म्हणजे प्राजक्ताची, ओवीसाठी घेतलेली लांब रजा संपत आली. ती बँकेत. मुलाची कंपनीत शिफ्ट. आमच्या हिचे, म्हणजे शालनचे, गुडघे तिला पोरीमागे धावू देत नाहीत. मग ओवीला दिवसभर पाळणाघरात ठेवायचं की घरी माझ्याकडे?

"माझ्याकडे!" मी म्हटलं. "आजोबा जिवंत असताना पाळणाघर?"

"बाबा, तुमच्यावर विश्वास आहे हो," प्राजक्ता म्हणाली, "पण…"

तो 'पण' मला रात्रभर टोचत राहिला. खरं सांगू? पोर पाळणाघरात गेली असती तर दिवसभर मी करायचं काय? मला त्या विचारानेच भरून यायचं.

"रविवारी दिव्याची अवस आहे, आई-आबा जेवायला येतायत," ती म्हणाली. "त्यांनाही विचारू आणि ठरवू."

आई-आबा म्हणजे तिचे आईवडील, जामखेडचे. आबा शेतकरी माणूस, बोलतात कमी पण बोलले की लागतं. मी मनाशी म्हटलं, रविवारी असं काही करून दाखवायचं की जामखेडपर्यंत नाव झालं पाहिजे. झालं ते! पण कसं ते ऐका.

आता दिव्याच्या अवसेला आपल्याकडे गूळ घालून कणकेचे दिवे करतात, वाफवतात, ओवाळतात आणि मग तुपाबरोबर खातात. हे मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी शालन तेच करत बसली होती. ओवी लगेच म्हणाली, "आजोबा, आपण पण दिवे करू!"

आपले दिवे म्हणजे खेळातले. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ. मी अगदी मास्तरांसारखा उभा राहिलो.

"ओवी, मीठ का घालायचं?"

"का?"

"म्हणजे बुरशी येत नाही, मुंग्या लागत नाहीत. मुंग्या कशाला लागतात?"

"गोडाला!"

"शाब्बास!"

बघा, खेळता खेळता विज्ञान! तेवढ्यात बाईसाहेबांचा हट्ट, दिवे आजीच्या दिव्यांसारखे तपकिरीच पाहिजेत. मी म्हटलं, त्यात काय! कणकेत कोरा चहा ओतला. हुबेहूब गुळाचा रंग! माझंच मला कौतुक वाटलं. ओवीने प्रत्येक दिव्याच्या तळाला अंगठा दाबला. "ही माझी सही," म्हणाली.

बाहेर आभाळ भरलेलं, ऊन कुठलं? म्हणून दिव्यांचं ताट ठेवलं गॅसच्या उबेला, ओट्यावर. कशाच्या शेजारी? शालनच्या दिव्यांच्या ताटाशेजारी. ताटंही सारखीच, माझ्याच लग्नात आलेली. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

शालन आंघोळीला गेली. आता बाईसाहेबांना दिव्यांवर रंगही हवे होते, म्हणून मी स्वयंपाकघरातून एक ताट उचललं आणि गॅलरीत रंगवायला नेलं.

ओवी म्हणाली, "आजोबा, हे आपलं नाही. आपल्या दिव्याला अंगठा आहे."

मी एक दिवा उलटून बघितला. अंगठा नव्हता.

"पुसला गेला असेल गं. मी प्रयोगशाळेतला माणूस, मला कळत नाही होय?"

झालं! रंगकाम सुरू. लाल, निळा, वरून चमकी, टिकल्या. ओवी रंगात बुडालेली. मी जरा टेकलो, तर ताटाभोवती मुंग्यांची रांग!

"आजोबा, मुंग्या आल्या. मुंग्या तर गोडाला लागतात ना?"

आता या प्रश्नाला कुणीही शहाणा माणूस थांबला असता की नाही? मी नाही थांबलो. मी खडू आणला, ताटाभोवती रेघ मारली आणि म्हणालो, "हल्लीच्या मुंग्यांना काही कळत नाही."

ओवीने बोट चाटलं. "आजोबा, गोड लागतंय."

"रंग चाटू नये! आणि मीठ गोड नसतं, एवढं लक्षात ठेव."

इकडे आत प्राजक्ताने ओट्यावरचं उरलेलं ताट उचललं आणि सासूबाईंचे दिवे समजून शिस्तीत वाफवायला ठेवलं.

दुपारी व्याही-विहीणबाई आले. पूजा झाली, दिवे लावले, ओवीला ओवाळलं. काय सुंदर दिसत होते ते दिवे! पानं वाढली. मुलगा कामावर होता, घरच्या बायका मागून बसणार होत्या, ओवी आधीच वरणभात खाऊन गॅलरीत पळालेली. पंगतीला आम्ही तिघं. मला गोड बंद, म्हणून माझ्या पानात दिवा नाही. व्याह्यांच्या पानात मात्र दोन-दोन, वर तुपाची धार.

विहीणबाईंनी घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, भक्ती आहे!

आबांनी घास घेतला. ते चावायचे थांबले, शालनकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि गिळला.

"कसे झालेत?" मी विचारलं.

"लई… येगळीच चव हाय," आबा म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

आता मला खायला मिळत नाही म्हटल्यावर आग्रह करण्याची हौस मी सोडतो की काय? "घ्या हो आबा, अजून एक! लाजता काय?"

"न्हाई न्हाई, बास झालं."

"असं कसं? लेकीच्या घरी भिडस्तपणा? वाढ गं प्राजक्ता! आणि आबा, आम्ही गोडातली माणसं बरं का. एक थेंब जिभेवर ठेवला की उतारा सांगायचो!"

आबांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग बिचारे म्हणाले, "निवद हाय. पानात टाकू न्हाई." आणि डोळ्यांत पाणी आणून खाऊ लागले. विहीणबाई दिव्याचा एकेक कण तुपात लपवत होत्या. दोघांना वाटत होतं, मीठ आपल्याच दिव्यात पडलंय. सांगितलं तर शालनला वाईट वाटेल. आणि मी? मी आणखी तूप ओतत होतो!

तेवढ्यात ओवी गॅलरीतून आली. हातात चमकीचं ताट, ताटाबरोबर अर्धी मुंग्यांची वसाहत. जामखेडच्या आजीआजोबांना आपली कला दाखवायची होती ना! पण ती आबांच्या पानापाशी थबकली. वाकली. उरलेला दिवा उचलून उलटा केला.

"आबा! तुम्ही माझा दिवा का खाताय? ह्याला माझी सही आहे!"

विहीणबाईंनी हळूच आपला दिवा उलटा केला. अंगठा! शालनने चिमूटभर तोंडात टाकलं आणि तशीच मोरीकडे पळाली, गुडघे वगैरे विसरून. मी ओवीच्या ताटातली चमकी झटकून एक कोपरा चाटला. गूळ! वेलचीसकट!

देवाशपथ सांगतो, त्या खडूच्या रेघेत मला स्वतःला कोंडून घ्यावंसं वाटलं. पाळणाघराच्या प्रवेशाचा कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला.

आबांनी तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "व्याही, तुमच्या कारखान्याचा उतारा दर साली कमी का पडायचा, ते आज कळलं बगा."

आणि मग जे हसायला लागले! विहीणबाईंना तर ठसका लागला. शालन मोरीपाशी हसत होती. हसत नव्हते दोघंच, मी आणि प्राजक्ता.

आबांनी ओवीला मांडीवर घेतलं. "तुला कवा कळलं गं हे?"

"मी सांगत होते आजोबांना," ओवी म्हणाली. "मुंग्या गोडाला लागतात, मिठाला लागत नाहीत. आणि माझी सही पण नव्हती. पण ते ऐकतच नाहीत!"

"पाजू," विहीणबाई लेकीला म्हणाल्या, "चार वर्षांच्या पोरीला एवढं कळतंय, ते कुणी शिकवलं गं?"

प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

"ठरलं," ती म्हणाली. "ओवी पाळणाघरात जाणार नाही. घरीच राहील."

काय आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच ताठ बसलो. "बघ, मी म्हणत नव्हतो? माझं लक्ष असल्यावर…"

"तुमचं लक्ष म्हणून नाही, बाबा. तुमच्यावर लक्ष ठेवायला घरात कुणीतरी शहाणं माणूस नको का? काय ओवी, जमेल ना?"

ओवीने गंभीरपणे मान डोलावली. आणि मग चमकीने माखलेलं बोट माझ्याकडे रोखून म्हणाली,

"जमेल. पण आजोबांनी ऐकलं नाही, तर मी मुंग्यांना बोलावीन."