दत्ताकाका आणि काडतुसांची नऊ खोकी

फोन आला तेव्हा सनीव्हेलला दुपारचे बारा वाजले होते आणि मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. सुमनकाकूचा फोन एरवी रविवारी यायचा. मंगळवारी भर दुपारी तिचा आवाज ऐकला आणि घास हातातच राहिला. "नीलू, अगं, तुझे काका गेले. सकाळीच. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या..." मग जरा थांबून, "तू जेवलीस का?" खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. रोज चार मैल चालणारा, दाराची कडीसुद्धा तीनदा हलवून बघणारा माणूस, आणि जाताना एवढी घाई! आता दोन महिने होत आले. राग बराचसा उतरलाय, तेव्हा लिहून टाकते.

दत्ताकाका माझे सख्खे काका नव्हेत. नागपूरला कॉलेजात ते आणि माझे बाबा एका खोलीत राहायचे, एवढंच नातं. पण मी एम.एस. करायला कोलंबसला उतरले तेव्हा विमानतळावर हातात थर्मास घेऊन हे दोघं उभे होते, आणि पुढची तीन वर्षं माझा प्रत्येक शनिवार-रविवार त्यांच्याकडे गेला. काका एका काचेच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. घर कोलंबसजवळच्या डब्लिनच्या पुढे, रस्ता मक्याच्या शेतांत शिरतो तिथे. पाच एकर जमीन. इतक्या लांब का राहता म्हणून विचारलं की काका काकूकडे बोट दाखवायचे. बारा वर्षं काकू अपार्टमेंटमध्ये राहिली आणि बाराही वर्षं दर दिवाळीला म्हणाली, मला परत जायचंय. शेवटी एकदा म्हणाली, "इथेच ठेवायचं असेल तर मला माती द्या." काकांनी माती दिली. पहिल्या उन्हाळ्यात घेवडा, गवार, मेथी, दोडकी असं काय काय आलं, आणि त्या दिवाळीला काकू परत जायचं विसरली. काका हे सांगताना असे काही हसायचे की जणू त्या घेवड्यानेच त्यांचा संसार वाचवला. वाचवलाच होता म्हणा.

तर ह्या घेवड्यावर ग्राउंडहॉग आला. आपल्या घुशीला कुणी वर्षभर साजूक तूप चारलं तर ती जशी दिसेल तसा हा प्राणी. बिळात राहतो, सकाळी बाहेर येतो, मागच्या पायांवर उभा राहून घरमालकासारखा इकडेतिकडे बघतो आणि अख्खी ओळ साफ करतो. काकांनी जाळी लावली, तो खालून आला. काकूने तिखट पसरलं, त्याने बहुतेक चवीने खाल्लं. पिंजऱ्यात ठेवलेलं सफरचंद सोडून त्याने पिंजऱ्याशेजारची मेथी खाल्ली. शेजारचा वॉल्टर, सत्तरीचा शेतकरी, कुंपणापलीकडून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "यू नीड अ ट्वेंटी-टू." म्हणजे लहान तोंडाची रायफल, जी इथे शेतावर घरोघरी असते.

काकूने पोळी लाटता लाटता अट घातली. मी तिथेच बसले होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो. "मारायचं तर मारा. शेती म्हटली की ते आलंच, मला कळतं. पण एका गोळीत. एक जरी जीव माझ्यासमोर तडफडला ना, तर मी ही बाग मोडून टाकीन आणि पहिल्या विमानाने घरी जाईन." काकूचं 'घरी' म्हणजे अमरावती. काका म्हणाले, "शब्द देतो."

आणि मग आमच्या क्वालिटी कंट्रोलवाल्याने काय करावं? दुकानात जाऊन, खोक्यांवरचे आकडे वाचून, सगळ्यांत वेगवान काडतूस उचललं! एरवी पेला हातात घेतला तरी उजेडात फिरवून बघणारा माणूस. मी विचारलं, "काका, हेच का?" तर मला वहीच्या मागच्या पानावर सूत्र मांडून दाखवलं, वेगाचा वर्ग वगैरे. वेग जास्त म्हणजे जोर जास्त, जोर जास्त म्हणजे प्राणी जागच्या जागी. मला ते पटलंसुद्धा. आम्ही दोघं इंजिनिअर, कागदावर बरोबर आलं की आमचं समाधान.

त्यात आला दसरा. अमरावतीला त्यांच्या घरी खंडेनवमीला कोयत्यापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याची पूजा व्हायची. इथे काकांनी पाटावर कॅलक्युलेटर, काकूचं खुरपं आणि नवी रायफल मांडली. रायफलीला झेंडू मिळेना म्हणून शेवंती. आणि यंदा नवीन वस्तू आली म्हणून काडतुसंही उभी करून ठेवली, शिशाची टोकं वर, पन्नासच्या पन्नास. काकूने प्रत्येकावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर पळीभर पाणी सोडलं. मी आरतीला टाळ्या वाजवल्या. तिघांपैकी एकालाही काही खटकलं नाही, बघा!

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडहॉग आला. काकांनी चाप ओढला तर नुसतं टक्. त्यांनी नियमाप्रमाणे नळी जमिनीकडे धरून अर्धं मिनिट वाट पाहिली, दुसरं काडतूस भरलं. ह्या वेळी उडालं. पण गोळी लागली मागच्या पायाला. तो प्राणी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत बिळाकडे निघाला आणि ओरडत होता... मला तो आवाज आजही नको वाटतो. वॉल्टर धावत आला आणि त्याने आपल्या रायफलीने ते संपवलं. काकू खिडकीत होती. तिने चहा केला, वॉल्टरलाही दिला. आणि मग बाहेर जाऊन दोडक्याच्या मांडवाच्या सुतळ्या सोडायला लागली. एकेक गाठ, सावकाश. काका तिच्यामागे उभे. हा माणूस मी कधी इतका लहान झालेला पाहिला नव्हता. "सुमन, मला एक हिवाळा दे," ते म्हणाले. "मार्चपर्यंत मला खात्री पटली नाही तर तिकीट मी स्वतः काढतो." काकूने वळूनही पाहिलं नाही. पण सुतळ्या सोडायची थांबली.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा खरे दत्ताकाका पाहिले असं मला वाटतं. त्यांनी नऊ कंपन्यांची नऊ खोकी आणली, वरची नावं पांढऱ्या पट्टीने झाकली आणि क पासून पुढे अक्षरं दिली. मागच्या उतारावर मातीचा उंच बांध घातला, कारण खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही एवढीशी गोळी दीड मैल जाते. पन्नास यार्डांवर नेम धरायला कागद. प्रत्येक खोक्यातल्या पाच-पाच गोळ्या, मग नळी साफ, मग पुढचं खोकं. मी टोपी, मफलर, दोन स्वेटर घालून नोंदी करायची आणि थंडीला शिव्या द्यायची. "काका, ही परीक्षा माझी आहे का काडतुसांची?" "दोघांची. नीट लिही."

पहिल्याच दिवशी नळीतून चिंधी फिरवली तर ती लालभडक बाहेर आली. काकांनी ती नाकाशी नेली, हुंगली आणि मटकन बर्फात बसले. "अगं, कुंकू!" झालं होतं असं, की ह्या काडतुसांच्या शिशावर मेणाचा पातळ हात असतो. त्या मेणात आमचं हळदकुंकू चिकटून बसलं आणि नळीत जाऊन त्याचा सँडपेपर झाला. आणि ह्या जातीत ठिणगीचं औषध काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, घोडा त्या कडेवरच आपटतो. पळीभर पाणी मुरलं असणार, म्हणून ते टक्. वॉल्टरने चिंधी उचलून विचारलं, हे काय आहे? काका शांतपणे म्हणाले, "रिलिजन." तो बिचारा चिंधी अदबीने खाली ठेवून गेला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग काकांनी चिंधी उचलली. "पण सगळा दोष कुंकवाचा नाही हं, नीलू. मी आकडा बघून भुललो."

आणि खरंच, नळी स्वच्छ करून, कोरडी काडतुसं घेऊनही ते वेगवान खोकं कागदावर ताटलीभर पसरत होतं. आवाजापेक्षा जोरात निघालेली गोळी वाटेत मंदावते तेव्हा डगमगते, असं वॉल्टरचं म्हणणं. काका म्हणाले, कारण काहीही असो, कागद खोटं बोलत नाही. दोन खोक्यांनी जरा आशा दाखवली, एकाने तर बोल्टच अडकवला, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, जो काढला की रायफल झाडता येत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी 'छ' खोकं लागलं. वेग सगळ्यांत कमी, आवाज लवंगी फटाक्याएवढा, टोक पोकळ. काकांनी पाच झाडल्या. दुर्बिणीतून मला एकच भोक दिसलं, जरा फाटकं. "चार चुकल्या," मी म्हटलं. आम्ही चालत कागदापाशी गेलो... पाचही तिथेच होत्या. काकांनी तरी लगेच आनंद केला नाही. तीन आठवडे, वाऱ्यात, उन्हात, गोठत्या थंडीत, तेच खोकं पुन्हा पुन्हा. वॉल्टरच्या रायफलीला मात्र ते अजिबात चाललं नाही. प्रत्येक रायफलीची आवड वेगळी, ती विचारून घ्यावी लागते, हे काकांना फार आवडलं.

मार्चमध्ये त्यांनी तो शेवटचा कागद जेवणाच्या टेबलावर काकूसमोर ठेवला. काकूने पदराला हात पुसले, कागदावर अंगठा ठेवला. पाचही भोकं झाकली गेली. बराच वेळ तिने अंगठा उचलला नाही. मग म्हणाली, "पस्तीस पावलांपलीकडे मारायचं नाही. आणि तो हलत असेल तर नाही." त्या आठवड्यात तिने घेवडा भिजत घातला.

पुढे वर्षाला दोनदा-तीनदा काकांनी चाप ओढला असेल, आणि दुसऱ्या गोळीची गरज कधी पडली नाही. पण मला जास्त आठवतात त्या न झाडलेल्या. तासभर बसून काका आत यायचे, बोल्ट काढून टेबलावर ठेवायचे, "आज खात्री नव्हती." बस्स, विषय संपला. मला सनीव्हेलच्या दोन नोकऱ्या आल्या तेव्हा मी मोठ्या पगाराची घेणार होते. काकांनी फोनवर म्हटलं, "खोक्यावरचं वाचू नकोस, यार. दोन्ही ठिकाणी दिवसभर बसून ये, माणसं कशी बोलतात ते बघ." साठीचा माणूस मला यार म्हणाला! मी बसून आले. लहान पगाराची घेतली. एकदाही पस्तावले नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं त्याचं फार वाईट वाटतं.

मे अखेरच्या लाँग वीकेंडला मी पुन्हा काकूकडे गेले. अजय, त्यांचा मुलगा, एडिसनहून आला होता. चांगला मुलगा आहे, पण काळजीने वैतागलेला. "आई, बी रीझनेबल. यू कान्ट लिव्ह हिअर अलोन." एडिसनला मंदिर आहे, वाण्याची दुकानं आहेत, मराठी बायका आहेत, सगळं खरं. काकू ऐकून घ्यायची आणि भांडी आवरायला लागायची. घर दाखवायला दलाल मंगळवारी येणार हेही ठरलं होतं. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं तिला ह्या जमिनीत धरून ठेवणारा माणूस गेला, आता कशाला राहील? मीच आतून तुटत होते.

शनिवारी सकाळी काकू बागेतून हातात कुरतडलेला देठ घेऊन आली. "नीलू, घेवड्यात नवं बीळ पडलंय. मला ते शिकव." मी विचारलं, काय? "अगं, ते. ह्यांचं." जिने आठ वर्षांत रायफलीला दसऱ्याखेरीज हात लावला नव्हता, ती एकसष्टीला टेकलेली बाई पोर्चवर सतरंजी टाकून पालथी पडली. अजय डोक्याला हात लावून आत गेला. मी सांगायला लागले तर म्हणाली, "कोणतं खोकं ते मला माहीतेय. श्वास अर्धा सोडून थांबायचं तेही. तीन वर्षं तुमची बडबड ऐकली नाही का मी?" पहिल्या दिवशी कागदावर ताटाएवढा पसारा. रविवारी संध्याकाळपर्यंत आमटीच्या वाटीएवढा. सोमवारी दुपारी अजय मुकाट्याने तिच्यासाठी कागद बदलत होता.

मंगळवारी सकाळी लवकरच आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलो. ग्राउंडहॉग आला. तीस पावलांवर, मागे बांध, वारा नाही. काकूने श्वास सोडला, थांबली. मी मनात म्हटलं, आता. तेवढ्यात बिळातून दोन पिल्लं बाहेर आली, मुठीएवढी, आणि आईच्या पोटाखाली घुसली. काकूने बोल्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

"का गं काकू? सरळ नेम होता."

"ती दोघं अजून पितात. आई गेली तर बिळात उपाशी मरतील, मला दिसणारही नाही. महिन्याभराने आपापली चरायला लागली की मग बघते एकेकाकडे."

"आणि तोवर ती घेवडा खाणार!"

"खाऊ दे. पुन्हा पेरीन." तिने अजयकडे वळून पाहिलं. "त्या दलालाला फोन कर, येऊ नको म्हणावं. जूनमध्ये इथे कुणीतरी लागेल ना लक्ष ठेवायला."