कोशिंबाची लाल पालवी

पनवेलच्या मोहल्ल्यात हाजराचा छोटा फोटो स्टुडिओ होता. बाईच्या हातात कॅमेरा, म्हणून लग्नांत आणि मेंदीला बायकांच्या बाजूचं काम तिलाच मिळे. नवरा अय्यूब कतारमध्ये दोह्याला क्रेन चालवायचा. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवस घरी यायचा. एरवी शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपली की त्याचा फोन येई, तेवढाच काय तो संसार.

२००६ साली त्याने कुणाच्या तरी हाती डिजिटल कॅमेरा पाठवला आणि सांगितलं, इथे नजर जाईल तिथे वाळूचाच रंग आहे, मला झाडांचे फोटो पाठव.

हाजरा सकाळी स्टुडिओ उघडण्याआधी बागेत जाऊ लागली. बागेतली झाडं सोपी. एकेक सुटं उभं, बुंध्याला गेरू-चुना लावलेला, पासपोर्टच्या फोटोला स्टुलावर बसवलेल्या गिऱ्हाइकासारखं. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, बदाम सगळे पाठवून झाले. मग एका शुक्रवारी अय्यूब म्हणाला, लहानपणी मी अब्बांबरोबर नेरे गावाच्या वरच्या रानात जायचो, तिथे ओहळाकाठी कोशिंबाचं झाड होतं. मार्चात पालवी फुटली की अख्खं झाड लालबुंद दिसायचं. मिळालं तर बघ.

पहिल्या वर्षी लग्नांच्या धामधुमीत तिला उशीर झाला. पोचली तोवर पानं हिरवी झालेली. नेऱ्यात तिला तिथल्या वाडीतली मालू भेटली. मतदार कार्डाचा फोटो काढायला ती कधीतरी स्टुडिओत आली होती, तिने हाजराला चटकन ओळखलं. “धा-बारा दिसांची लाली ती,” मालू म्हणाली. “आमी सांगावा धाडू ना तुला. एकटी नको येऊस, वाट नाय गावायची.”

दुसऱ्या वर्षी सांगावा आला, पण सासू दवाखान्यात होती. तिसऱ्या वर्षी हाजरा पोचली आणि रडकुंडीला आली. रानातलं झाड चौकटीत मावेचना. याच्या फांद्या त्याच्यात, वेली आडव्या, ऊन पाठीमागून. घरी येऊन पाहिलं तर नुसता गिचमिड काळोख. पण त्या शुक्रवारी तिने अय्यूबला सगळं सांगितलं: चढण, पायाखाली वाजणारा पाचोळा, मालूने पानावर दिलेली करवंदाची चटणी. अय्यूब मध्येमध्ये “मग?” एवढंच विचारत राहिला. त्याचं फोनचं कार्ड संपलं तेव्हाच बोलणं तुटलं.

२०१० मध्ये तिला जमलं. पहाटेच चढून, ऊन तिरपं असताना, पानांतून उजेड आरपार येत असताना तिने फोटो काढला आणि सायबर कॅफेतून पाठवला. शुक्रवारी अय्यूबचा फोन आला.

“हे ते झाड नाही,” तो म्हणाला. “पण मी भिंतीवर लावलंय.”

मग दर मार्चात हाजरा ते झाड शोधत राहिली. एकेक ओहळ पालथा घातला. मालूही आता हट्टाला पेटली होती.

२०१४ च्या हिवाळ्यात अय्यूब कायमचा परतला. मार्च लागताच हाजराने त्याला नेऱ्याला नेलं. मालूच्या अंगणापर्यंत तो आला आणि गुडघा धरून बाजेवर बसला. मालू पाणी आणायला आत गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, “हाजरा, ते झाड मला कधीच नीट आठवत नव्हतं. अब्बांचा हात आठवतो, बाकी धूसर. तू रानात जायचीस आणि मग तासभर बोलायचीस. त्यासाठी मागत राहिलो.”

हाजराला राग यायला हवा होता. आला नाही. ती त्याच्याजवळ बसली. आठ वर्षांत पहिल्यांदाच मार्चात तो समोर होता. फोनवर त्याला न दिसणारं सगळं शब्दांत सांगायची जी सवय जडली होती, ती आता कुठे ठेवायची?

मालूने पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, “वर जायाचं हाय ना?”

अय्यूबने हाजराच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग नीट केली. “जा तू. मी इथंच बसतो. आल्यावर सांग.”

चढणीवर हाजरा दोनदा थांबली आणि मागे वळून पाहिलं. अंगणातली बाज आणि त्यावरचा पांढरा सदरा बराच वेळ दिसत होता. मग करवंदीच्या जाळ्या आड आल्या.