बाठ्यातली साखर

पिकलेल्या हापूसचा वास घरात भरला की मांडवीच्या आमच्या घरातली ती मे महिन्यातली दुपार आठवते. बाबांना मधुमेह होता, म्हणून आंबे त्यांच्या नजरेआड, मागच्या पडवीत कापले जायचे. फोडी पाहुण्यांना आणि मुलांना, बाठे आईला, हा आमच्याकडचा रिवाज. त्याच सकाळी डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, "साखर काठावर आहे. आत्ताच तोंड सांभाळलंत तर औषधं टळतील. आंबा बंद." सुट्टीला आलेल्या आत्याने तरीही बाठ्यांची परात तिच्यापुढे सरकवली. "डॉक्टर नको म्हणालेत," आई हळूच म्हणाली. "अगो वयनी, बाठ्यात कसली साखर? फोडी कुठे खातेयस तू! फुकट जातील मेले." आई ओशाळून हसली आणि चोखू लागली. एक संपला, दुसरा घेतला, रस कोपरापर्यंत ओघळला. मी मोठ्यांसमोर कधी तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी माझं डोकं तापलं. "मग एक बाबांना नेऊन देऊ?" मी विचारलं. आत्या दचकलीच. "वेडी की काय गो तू? त्याला साखर आहे ना!" मी आईकडे पाहिलं. तिने तिसरा बाठा उचलला आणि मलाच म्हणाली, "उलट बोलू नये." आता आईला गोळ्या चालू आहेत. आंबा मीच कापते आणि तिला मोजकी एक फोड देते. ती अजूनही बाठाच मागते, आणि माझा राग पुन्हा पेटतो.