पाटी झाकणाऱ्या बाई

तुमच्या मुलांचा चित्रकलेचा तास गणिताला दिला गेला, तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत का?

पुण्याच्या एका संग्रहालयात मला हडपसरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई भेटल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांची नववीची मुलं एका स्त्रीमूर्तीखालच्या पाटीवरची माहिती भराभर उतरवून घेत होती. बाईंनी ओढणीचं टोक सरळ पाटीवर टाकलं.

"पाटी मोबाईलवरही वाचता येते. वह्या मिटा आणि हिच्यासारखं उभं राहा."

एका पायावर भार, कंबर कललेली, मान वळलेली. सगळे खिदळले. एक मुलगी मात्र तशी उभी राहिली आणि ओरडली, "बाई, माझी कंबर भरून आली! मग ही हसतेय कशी?"

"आता सुरू झाला कलेचा इतिहास!" बाईंनी टाळीच वाजवली. मग हळूच मला म्हणाल्या, "तास गणिताला गेलाच आहे. आज मुलं रिकामी परतली, तर ही सहलही जाईल."

तोवर अख्खा वर्ग त्या मूर्तीसारखा उभा राहून भांडत होता. ती नाचतेय की कुणाची वाट बघतेय? मीही कंबर कलवून त्यांच्यात उभा राहिलो.

येत्या पालकसभेत हात वर करा. तो तास परत मागा.