सगळे एकत्र बसतात का?

"तू इथंच थांब. चपलांकडे लक्ष ठेव," डॅनियलअय्या म्हणाले.

तंजावूरच्या राजवाड्यामागची गल्ली, डिसेंबरची सकाळ. एका मराठी घराचं फाटक उघडून डॅनियलअय्या आणि त्यांची मुलगी प्रिन्सी आत गेले. हातात नाताळचा केक आणि नव्या वर्षाचं, देवाच्या वचनाचं कॅलेंडर. मी बाहेर. मी नर्स आहे. माणसांच्या शिरा शोधून सुई घालते, बाळं आईच्या हातात देते. आणि त्या दिवशी मी चपला राखत होते.

डॅनियलअय्या आमच्या चर्चचे पंच. जमीनवाले, वरच्या जातीचे, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच. पण आम्ही मूळचे पापनाशमकडच्या चेरीतले. चेरी म्हणजे गावाबाहेरची आमची वस्ती. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानं चेरी काही गावाच्या आत सरकली नाही.

मराठी आमची भाषा नाही. आम्ही तमिळ. आई याच घरात भांडी घासायची. शाळा सुटली की मी परसात बसून तिची वाट बघायची. घरात जे बोललं जायचं ते कानावर पडायचं, आणि पडता पडता जिभेवर आलं. अक्षरं पुढे माझी मी शिकले, हट्टानं. म्हणून आज हे त्या भाषेत लिहू शकते.

राजवाड्याच्या बाजूच्या मराठी घरांत सुवार्ता, म्हणजे येशूची शिकवण, न्यायची, असं चर्चच्या सभेत ठरलं. तमिळ त्या घरांना आपल्यापेक्षा कमी येत नाही, पण घरच्या भाषेत बोललं की मन उघडतं, असं पाळक, आमचे धर्मगुरू, म्हणाले. मला ते पटलं. मी उठून म्हटलं, "मी जाते. मला मराठी येते."

डॅनियलअय्या अगदी मायेनं बोलले. "तू बोलशील गं, पण ते तुला आत घेतील का? देवाच्या कामात अडथळा नको. प्रिन्सीला शिकव. ती जाईल."

चेरीत सुवार्तेला जायचं असलं की मात्र मलाच पुढे करतात. तिथं म्हणतात, तुझे लोक तुझंच ऐकतील. देवाच्या कामात माझी जागा कुठली, हे देवानं नाही, डॅनियलअय्यांनी ठरवलेलं आहे.

प्रिन्सीला मी शिकवलं. पोर वाईट नाही. जीभ वळली नाही की खुदकन हसायची. 'देव तुमच्यावर प्रीत करतो' एवढं वाक्य तिच्या तोंडी बसायला आठवडा गेला. माझ्या तोंडी ती भाषा लहानपणापासून होती. पण माझं तोंड चालणार नव्हतं.

तर मी फाटकाशी उभी. आतून प्रिन्सीचा पाठ केलेला आवाज आला. मग घरच्या बाईंचं हसणं. आई त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणते. बँकेतून निवृत्त झालेल्या, जिभेनं तिखट. प्रिन्सीचं मराठी ऐकून त्या भराभर काहीबाही विचारायला लागल्या. प्रिन्सीचं भांडवल तिथंच संपलं. कुणी शिकवलं म्हणून अक्कांनी विचारलं असणार, कारण प्रिन्सीनं खिडकीतून माझ्याकडे बोट केलं.

अक्का दारात आल्या. "कोण गे ती? अमच्या ज्ञानमची लेक की काय? ये, इकडं ये."

मी ओट्यापर्यंत गेले. अक्कांनी कॉफी मागवली. प्रिन्सीला आणि अय्यांना आत स्टीलच्या पेल्यातून. मला ओट्यावर कागदी कपातून. या एका बाबतीत दोन्ही धर्मांचं किती छान जमतं. कुणाला कुणाचं मन वळवावं लागत नाही.

मग अक्कांनी डोळे बारीक करून मला विचारलं, "बेस शिकिवलीस तिला. आतां खरं सांग. तुमच्या देवळांत सगळे एकत्र बसतांत काय?"

त्यांना मजा बघायची होती. ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं.

"काय विचारतायत?" अय्यांनी तमिळमध्ये विचारलं. मी सांगितलं.

"हो म्हण. ख्रिस्तात सगळे एक, म्हण."

मी प्रिन्सीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिला माहीत होतं. चर्चमध्ये ती बसते डाव्या हाताला, पंख्याखाली, वेदीसमोर. आम्ही उजव्या हाताला, दाराकडे. कुठं लिहिलेलं नाही, कुणी सांगत नाही. प्रभुभोजनाचा प्याला आधी त्यांच्यात फिरतो, मग आमच्याकडे येतो. स्मशानात मधे भिंत आहे. माझा बाप भिंतीच्या पलीकडे आहे. सरकार म्हणतं, तुम्ही ख्रिस्ती झालात, आता तुम्ही दलित नाही. चर्च म्हणतं, ख्रिस्ती झालात म्हणून काय झालं?

आणि मी हो म्हणायचं. माझ्याच तोंडानं.

मी तमिळमध्ये बोलले. सगळ्यांना नीट कळावं म्हणून.

"नाही अक्का. एकत्र बसत नाहीत. आम्ही दाराकडे बसतो. हे मला इथं आणतात ते शिकवायला, आणि चपला राखायला."

अक्का हसल्या. त्या हसल्या आणि माझं डोकं फिरलं.

"तुम्ही हसू नका. माझ्या आईचा पेला तुमच्या परसातल्या भिंतीवर उपडा असायचा. जन्मभर तुमची भांडी तिनं घासली, पण त्यातल्या एकाला कधी तोंड लावलं नाही. तुम्हाला माझ्या देवळाचं काय विचारायचंय?"

अक्कांचं हसू गेलं. कॉफी मी ओट्यावरच ठेवली आणि चालत बसस्टॉपला आले. इतकी वर्षं हे पोटात ठेवलं, त्याचा राग माझा मलाच येत होता.

रविवारी उपासनेनंतर पाळकांनी मला आणि आईला आतल्या खोलीत बोलावलं. डॅनियलअय्या बसले होते, आम्ही उभ्या. "परक्यांसमोर चर्चची अब्रू वेशीवर टांगलीस," ते म्हणाले. मी खोटं बोलले असं मात्र कुणी म्हणालं नाही. एकदासुद्धा नाही. पाळक हळू आवाजात म्हणाले, माफी माग, विषय संपेल. नाहीतर तुमच्या वस्तीजवळ दुसरं चर्च आहे, तिथं तुला मोकळं वाटेल.

मोकळं. म्हणजे आपल्या पायांनी निघून जा, आम्हाला हाकलायला लावू नकोस.

घरी आल्यावर आई दाराला टेकून रडायला लागली. "माफी माग गं. तुझ्या बापाशेजारी मला जागा पाहिजे. यांनी पुरायला नकार दिला तर मी कुठं जाऊ?"

यांच्या हातात हीच किल्ली आहे. जिवंतपणी दाराकडे बसवतात आणि मेल्यावरच्या जागेची भीती दाखवतात. भिंतीपलीकडची जागा. तीसुद्धा उपकार म्हणून.

आईला मी जवळ घेतलं, पण हो म्हटलं नाही. तिला खोटा धीरही दिला नाही. नकार देतीलही. ती वेळ आली तर खड्डा मी खणेन, प्रार्थना मी म्हणेन. पाठ आहे मला.

माफी मागणार नाही. दुसऱ्या चर्चमध्येही जाणार नाही. ख्रिस्त डॅनियलअय्यांच्या बापजाद्यांची जमीन नाही. माझ्या पणजोबांनी या चर्चच्या विटा डोक्यावरून वाहिल्यात. जायचं कुणी?

येत्या रविवारी मी लवकर जाणार. आई आली तर दोघी, नाही आली तर मी एकटी. डाव्या हाताला, पंख्याखाली, पहिल्या बाकावर बसणार. कुणी उठ म्हटलं तर उठणार नाही. पाळकांनी वेदीवरून सांगितलं तरी उठणार नाही. मला तिथून हलवायचं तर माझ्या अंगाला हात लावावा लागेल.

लावा.